सहावं बोट

या घरात बाळ जन्मलं की नाकडोळे नंतर, आधी हाताची बोटं मोजत. पणजोबांपासून प्रत्येकाच्या उजव्या करंगळीला चिकटून एक सहावं, इवलंसं बोट असायचंच. घरातल्या डॉक्टर झालेल्या मुलाने आपलं कॉलेजात असतानाच कापून घेतलं होतं. पुढे तो कामालाही लागला तो जनुकं दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेत. मग स्वतःच्या बाळाच्या वेळी तो थोडाच गप्प बसतोय!

हॉस्पिटलच्या खोलीत त्याने बाळाला आपल्या वडिलांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी सवयीने दुपट्याचं टोक बाजूला केलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली.

"पाचच?"

"पाचच! गर्भ टाचणीच्या टोकाएवढा होता तेव्हाच दोष काढून टाकला. आता पुढच्या सात पिढ्यांना कटकट नाही." डॉक्टरची छाती फुगली होती.

"सातही पिढ्यांना विचारलंस वाटतं?"

"बाबा, यात विचारायचं काय? दोष तो दोष."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. बाबांनी त्याच्या मुठीत आपलं बोट सरकवायचा प्रयत्न केला. पण जन्मभर गॅरेजात पाने फिरवून जाडजूड झालेलं ते बोट मावेना. मग त्यांनी हात जरा वळवला आणि सहावं बोट पुढे केलं. बाळाने ते गच्च पकडलं आणि रडं एकदम थांबलं.

"अरे वा, गट्टी जमली की तुमची!" डॉक्टर हसला.

"जमणारच," बाबा म्हणाले. "रडायला लागलास की तूही हाच दोष धरून झोपायचास."