सुजेची हाक

गोदूच्या बोटांची सूज उतरेना, म्हणून तिच्या नवऱ्याने, भगीरथने, डॉक्टरांना फोन लावला.

"अंगात एक प्रोटीन असतं," डॉक्टर म्हणाले. "एवढंसंच, पण त्याचं शेपूट पांढऱ्या पेशींच्या कानात बरोब्बर बसतं. इथं दुखतंय, या, अशा ते हाका मारतं. पेशी येतात, गर्दी करतात, सूज वाढते. सूज वाढली की ते आणखी हाका मारतं."

"पन त्या मदतीलाच येतात ना?"

"मदतीलाच. तिथंच तर घोळ आहे."

भगीरथने ओटीवर पाहिलं. गोदूला बघायला शेणवे गावची मंडळी आली होती आणि आत गोदू सुजल्या बोटांनी त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवत होती. दाराशी त्याची बहीण बारकी मोबाइलवर वैशाखरे गावच्या मावशीला सांगत होती, "वयनीची सूज जाम वाढलीय गो. तुमी पन येऊन जा."

"हाका मारणाऱ्याला गप्प करायचं औषध देतो," डॉक्टर म्हणाले. "डोस वजनावर ठरतो. गोदूबाईंचं वजन किती?"

भगीरथ गोंधळला.

"गोदूचं कशाला, डॉक्टर? हाका तर आमची बारकी मारतेय."