सात नंबरच्या टेबलाखाली

सात नंबरच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. दर पंधरा दिवसांनी मी माझं पगाराचं पाकीट न उघडताच घडी घालून त्याखाली सरकवायचे. वेट्रेसला टिपा मिळतात म्हणून तासाला दोन डॉलर तेरा सेंटच पगार, आणि टिपांवरचा टॅक्सही त्यातूनच कापल्यावर चेकवर उरायचं शून्य. अलाबामात एकोणीस वर्षं मी टिपांवर जगले, म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिळ्या विनोदांवर हसून. आज सकाळी माझ्या जोडीची वेट्रेस ओडेसा काउंटरवरूनच ओरडली, "अगं ए लव्हर्न! नव्या मालकिणीनं खरंच पूर्ण पगार दिलाय! तुझा बघितलास का?" मालक लोक बोलतात, मी मान हलवते, ही नवी मालकीण पूर्ण पगार देईन म्हणाली तेव्हाही नुसती हलवली होती. पण ओडेसाच्या हातात चेक फडफडत होता. मी धावत जाऊन सात नंबरच्या टेबलाखाली शिरले. वर म्हातारे मिस्टर पेटिग्रू नाश्ता करत होते. "काय गं, उंदीर शिरला का?" "उंदीर नाही, पगार!" मी पाकीट ओढलं, टेबल कललं आणि त्यांची कॉफी अंड्यांवर सांडली. चेकवर सहाशे बारा डॉलर होते. मी खो खो हसत सुटले, आणि कुणीही विनोद केला नव्हता. मिस्टर पेटिग्रूंनी डुगडुगणारं टेबल एका हातानं धरलं, खिशातून माझी रोजची टीप, एक डॉलरची नोट, काढली, तिच्या बारीक घड्या घातल्या आणि कण्हत वाकून त्या आखूड पायाखाली सरकवली.