उत्तर भिंतीतली डोणी

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या त्या गावातल्या चर्चला उत्तरेकडून एक बुटकं दार होतं, आता दगडांनी बुजवलेलं. ज्यांना गाव शिवत नसे, ते 'कागो' लोक तिथून वाकून आत येत. आत शिरताना बोटं बुडवायची त्यांची पवित्र पाण्याची दगडी डोणीही वेगळी, दाराशेजारी, वाटीएवढी. वरचं लाकडी छप्पर मात्र त्यांच्याच हातचं. त्यांची सुतारकी तेवढी गावाला चालत असे.

"असले लोक आमच्याकडे कधी नव्हतेच," चर्चची किल्ली सांभाळणारी, सुताराच्या घराण्यातली ओनोरीन परक्यांना ठणकावून सांगे.

पण गेले तीन रविवार त्या कोरड्या डोणीत पाणी सापडत होतं. ओनोरीन ते फडक्याने टिपून टाकी, आणि प्रार्थना संपेपर्यंत डोणी पुन्हा भरलेली असे.

"छप्पर गळत असेल गं," तिची बालमैत्रीण उर्सुल म्हणाली.

"महिनाभर थेंब नाही पडला. गळतंय डोंबल!"

चौथ्या रविवारी ओनोरीनने नेहमीसारखी मोठ्या दारापाशी, सगळ्यांच्या डोणीत बोटं बुडवली. बोटं कोरडीच निघाली. तिने मनगटापर्यंत हात घातला. पाणी हाताभोवती हललं, पण हाताला लागलं नाही.

मागून उर्सुलने बोटं बुडवली. तिच्या बोटांवरून पाणी ठिबकलं. तिने ओनोरीनच्या कोरड्या हाताकडे पाहिलं, एक पाऊल मागे सरली आणि आपला झगा आवरून घेतला.

"इथं कशाला हात घालतेस?" उर्सुल अगदी सहज म्हणाली. "तुझं तिकडं भरलंय ना."