सरळ लावलेलं चित्र

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. कार्यालयाच्या खालच्या दालनात माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि समोर लाकडी स्टँडवर खिडकीएवढी एक तसबीर निळ्या कापडाखाली झाकलेली होती. साहेबांनी दोरी ओढली. कापड घसरलं. टाळ्या झाल्या.

चंद्राची करडी जमीन. तिच्यावर सगळीकडे बारीक बारीक टेंगळं, आणि मधोमध लाल वर्तुळात एक चिमुकला खळगा. खाली ठळक अक्षरांत ओळ : 'आपले यान येथे कोसळले.'

"चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहानं इतक्या वर्षांनी आपल्याला ही जागा दाखवली," साहेब म्हणाले. "उतरताना पाय मोडले, यान आपटलं आणि कायमचं गप्प झालं, हे चौकशीत ठरलंच होतं. आज पुरावा मिळाला." मग पहिल्या रांगेकडे हात करून ते मवाळ आवाजात म्हणाले, "ते पाय ज्यांनी बनवले, ते आज आपल्यात आहेत. आमच्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही."

काका काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. शेजारी काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग नाही म्हणे. चौकशीनंतर काकांना टेबलं-खुर्च्यांच्या खात्यात टाकलं होतं. 'तिथंही पायच सांभाळायचेत,' असं कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळं खातं हसलं होतं. हसणाऱ्यांत साहेब होते. तेव्हा ते साहेब नव्हते. यानाचा रेडिओ त्यांच्याकडे होता, आणि दर रविवारी ते काकूंच्या घरी जेवायला असत.

पण काकूंचा संताप आजचा होता. मघाशी जिन्यात त्यांना फोटोवालीनं गाठलं होतं. चंद्राचे फोटो तपासायचं काम तिचं. नोकरीची पहिली वर्षं ती काकांच्या हाताखाली होती.

"काकू, आत जायच्या आधी ऐका. चित्र उलटं छापलंय. ऊन खालच्या बाजूनं आलंय त्यात. आपल्या डोळ्यांना उजेड वरून पडायची सवय, त्यामुळे जे उंच आहे ते खोल दिसतं आणि खोल आहे ते उंच. आम्ही फोटो फिरवून घेतल्याशिवाय काही ठरवतच नाही. तो खड्डा नाही, काकू. यान उभं आहे. सावली पडलीय त्याची."

"साहेबांना सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. म्हणाले, बातमी गेली, आता कशाला उकरून काढायचं."

कशाला, ते काकूंना तिथंच, जिन्यात कळलं. पाय मोडले नसतील, तर यान गप्प का झालं याचं उत्तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागणार होतं.

आता त्या काकांच्या कानाशी वाकल्या. "अहो, उभं आहे ते. उलटं लावलंय चित्र."

काकांनी मान वर केली. बराच वेळ ते त्या लाल वर्तुळाकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "राहू दे गं. आता कुणाला काय करायचंय."

"मला करायचंय," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

"या, या वहिनी," साहेब म्हणाले. "दोन शब्द बोला."

"बोलायला नाही आले, भाऊजी. माझ्या हातचं जेवलायत, तेवढ्या हक्कानं एक काम करते."

त्यांनी तसबिरीला हात घातला. ती जड होती. एक कोपरा उचलला गेला आणि निसटून दाणकन पुन्हा स्टँडवर आला.

"वहिनी, काच आहे. लागेल."

"लागायचं ते लागून झालंय."

कुणी जागचं हललं नाही. सगळे आपापले बूट बघत होते. काकूंनी पुन्हा जोर लावला. तेवढ्यात मागं काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

"तू खालून धर," काका म्हणाले. "वजन माझ्याकडे येऊ दे."

दोघांनी तसबीर उचलली आणि फिरवली.

टेंगळं होती तिथं खड्डे झाले होते. आणि लाल वर्तुळात, उन्हात, काहीतरी इवलंसं ताठ उभं होतं. त्याची सावली जमिनीवर लांब पडली होती.

"पाय शाबूत आहेत, भाऊजी," काकू म्हणाल्या. "मग ते बोललं का नाही, ते आता तुम्ही सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चहा वर ठेवला आहे, म्हणाले.

एका वार्ताहरानं तसबिरीचा फोटो घेतला होता. तो दुसऱ्या दिवशी छापून आला खरा. पण पान लावणाऱ्याला अक्षरं उलटी दिसली, त्यानं बिचाऱ्यानं चूक समजून तो सरळ केला.

साहेबांची नोकरी आणखी दोन वर्षांनी वाढली. आज त्या दालनाला त्यांचं नाव आहे. फोटोवालीची बदली टेबलं-खुर्च्यांच्या खात्यात झाली. काका पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांची काठी त्या दिवशी भिंतीलाच राहिली होती. ती आणायला कुणी गेलं नाही, त्यांनी मागितलीही नाही.

काकूंनी पेपरातलं ते चित्र कापून चौकटीत घातलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं. येणारा-जाणारा हमखास सांगतो, "आजी, चित्र उलटं लागलंय हो."

"अक्षरं उलटी आहेत," काकू म्हणतात. "चित्र सरळ आहे. नीट बघा."