निमोण्याच्या ट्रामचे रूळ

"बाजूला व्हा, मला छत बघायचंय!" जयसिंगराव दारातूनच गरजले. खांद्यावर शिडी, हातात बॅटरी.

बानूबाईनं कोंबड्या हाकलल्या. "बघा की आप्पा. तुमच्यासारखं फळ्या ठोकून झाकलेलं न्हाई. समदं उघडंच हाय."

"ते आमच्या वडिलांनी हौसेनं केलंय," म्हणत त्यांनी शिडी लावली.

दौंडला रेल्वेत चौतीस वर्षं इंजिनिअरकी करून जयसिंगराव निमोण्याला परतले, ते डोक्यात एकच वेड घेऊन. ट्राम! गावातून नदीकाठच्या गुऱ्हाळापर्यंत ऊस नेणारी, बैलांनी ओढायची इवलीशी ट्राम. लहानपणी तिच्यावर बसून ते शाळेत जात. बावन्न साली ती बंद पडली आणि महिन्याभरात रूळ गायब झाले. राखणदार होता बानूबाईचा नवरा गेणबा. ट्रामचे मुकादम म्हणजे जयसिंगरावांचे वडील. त्यांनी साक्ष दिली आणि गेणबा सहा महिने खडी फोडून आला. रूळ मात्र सापडले नाहीत.

पन्नास वर्षं होत आली, तरी जयसिंगरावांचं रक्त उकळत होतं. रूळ म्हणजे फुकटची तुळई. गावातल्याच कुठल्यातरी छताखाली ते असणार, अशी त्यांची खात्री होती. प्रत्येक रुळावर घोड्याच्या नालाचा ठसा होता. तो शोधत ते जुन्या घरांची छतं पालथी घालत होते. रविवारी शिरूरच्या वाचनालयात ट्रामचं दालन उघडायचं होतं. पाटीही रंगवून तयार होती: 'रूळ चोरणारा गेणबा, राखणदार.'

"तेवढं नाव पुसा," बानूबाई खालून म्हणाली. "माझी नात तिथंच अभ्यासाला बसती. त्यो गेला, पर चोर न्हवता."

"चोराला चोर नाही तर काय साव म्हणू? पुरावा द्या, आत्ता पुसतो!"

त्यांनी तुळईवरची काजळी खरवडली. लाकूड. बाभळीचं, किडलेलं लाकूड.

"कुठं घातलं त्यानं माझ्या ट्रामचं लोखंड?"

"किती घरं बघितली, आप्पा?"

"हे धरून एकोणचाळीस. जुनी घरं संपली."

"चाळीस हायती," बानूबाई शांतपणे म्हणाली. "च्या टाकू का?"

"खड्ड्यात गेला चहा!"

तणतणत ते निघाले. म्हातारीला मोजता येत नाही, दुसरं काय! तरी वाटभर ते बोटांवर घरं मोजत राहिले. दर वेळी एकोणचाळीसच भरत होती.

घरी कस्तुराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बायकोकडे न बघताच ते पलंगावर आडवे झाले. नजर वर गेली आणि ते ताडकन उठले.

"अहो, आता आणि काय?" कस्तुराबाई म्हणाल्या.

त्यांनी शिडी लावली, कोपऱ्यातली एक फळी उचकटली आणि आत हात घातला. बोटांना आधी गार लोखंड लागलं, मग नालाचा ठसा.