शेकायची पिशवी

धाकट्या जावेच्या पाळीतल्या पोटदुखीला एंडोमेट्रिओसिस हे नाव मिळालं आणि मुलुंडच्या आमच्या घरात तिचा भाव वधारला. सासूबाई स्वतः शेकायची पिशवी भरून तिला नेऊन देऊ लागल्या. मला बावीस वर्षं त्यांनी एकच औषध दिलं होतं: “बायकांना दुखतंच गं, कुकर लाव.” मी इतकी जळले की सोनोग्राफीला गेले, वर रिपोर्ट नॉर्मल येऊ नये म्हणून गणपतीला नारळही बोलले. गणपती पावला. “ॲडेनोमायोसिस,” मी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. “हिचं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं, माझं भिंतीत रुतलंय.” “वहिनी, आधी सांगायचं ना!” म्हणत जावेने पिशवी माझ्याकडे सरकवली. सासूबाईंनी ती मधेच उचलली आणि स्वतःच्या पोटाशी धरली. त्यांना आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. “मालन,” त्यांनी मला विचारलं, “त्या मशीनमध्ये जुनं दुखणं दिसतं का गं?”