उशिराची टाळी

बटण दाबलं, काचेवरचा थर लालाचा हिरवा झाला आणि प्रयोगशाळेत टाळ्यांचा कडकडाट उडाला. विभागप्रमुखांनीही टाळी वाजवली. नेहमीसारखीच, सगळ्यांच्या मागून.

त्यांना काहीच दिसलं नव्हतं. लाल आणि हिरवा त्यांच्या डोळ्यांना जन्मापासून एकच, मातकट. विजेचा दाब दिला की रंग बदलणारे पातळ थर बनवण्यात त्यांची हयात गेली. पण तो बदल त्यांनी पाहिला फक्त यंत्रावरच्या आलेखात. कुणाला कळलं तर हसं होईल, या धास्तीने ते कुणालाच जवळ फिरकू देत नसत. कपडे पांढरेच घालत. डबा दार लावून एकटेच खात. लग्नाचा विषय निघाला की कामाची सबब पुढे करत. ती सबबही आज संपत होती. आज निवृत्तीचा दिवस होता.

भाषणं आटोपली, माणसं पांगली. आपल्या हातचं काम एकदाही न पाहता आपण घरी चाललो, असं मनाशी म्हणत ते खुर्चीत बसले.

तेवढ्यात तिखटबाई आत आली. ही त्यांची जुनी सहकारी. जिभेमुळे हे नाव पडलेलं. तिचं भलत्याच रंगांचं खूळ काही जात नव्हतं. ती दरवर्षी प्रस्ताव आणायची आणि ते दरवर्षी परत पाठवायचे. "मागणी लाल-हिरव्याला आहे, बाई. तुमच्या या रंगांचा उपयोग कुणाला?"

आजही तिच्या हातात काचेचा तुकडा होता.

"जाता जाता तरी बघा."

"आता माझी सही चालत नाही."

"सही कोण मागतंय?"

तिने तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पिवळी काच कडेकडून निळी होत गेली. पार निळी.

ते खुर्चीतून ताडकन उठले. टाळी कधी वाजली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी स्वतः बटण दाबलं. पिवळी. पुन्हा दाबलं. निळी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, तरी बोट बटणावरून हलेना.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुमची टाळी पहिल्यापासून मागून पडते, सर." तिने नजर काचेवरच ठेवली. "उपयोग कुणाला, ते प्रस्तावात सगळ्यांदेखत कसं लिहिणार होते मी?"